सहा नंबरचा डावा, आठ नंबरचा उजवा

नागपुरात इतवारीतल्या एका छापखान्यात मी अक्षरजुळणी करते. छपाईचे शिशाचे खिळे जाऊन कॉम्प्युटर आला, पण आमच्याकडे शब्द तोच राहिला. वर्षातले सात-आठ महिने लग्नपत्रिका, बाकी वेळ बिलबुकं, तेरवीची कार्डं, निवडणूक आली की हँडबिलं. दिवसाचे नऊ तास खुर्चीवर, पाय टेबलाखाली. माझ्या टेबलाला समोरून फळी आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाला मी कमरेच्या वरच दिसते. दाराजवळचं, पंख्याखालचं टेबल सोडून ही कोपऱ्यातली जागा मी मागून घेतली होती. मालकांना वाटलं, पोरगी लाजाळू आहे.

माझा उजवा पाय हत्तीपाय आहे. घोट्यापाशी आज ३१ सेंटिमीटर भरतो. डावा भरतो २२. ही मापं मी अशी सहज सांगू शकते, याला फार वर्षं लागली.

पहिला ताप २००६ च्या पावसाळ्यात आला. मी तेवीस वर्षांची होते. रात्री अचानक दातावर दात वाजायला लागले, दोन गोधड्या आणि वर सतरंजी घातली तरी थंडी जाईना. सकाळी जांघेत लिंबाएवढी गाठ, हात लावू देईना. तिथून मांडीच्या आतल्या बाजूनं खाली एक तांबडी रेघ, कोणी पेनानं ओढल्यासारखी. आई म्हणाली, "अवधाण आलं वं. कुठं ठेच लागली काय?" दुपारपर्यंत नडगी लालभडक झाली तेव्हा तिनं निदान बदललं: धावरं. मग सहाणेवर काव उगाळून लेप. गल्लीतल्या डॉक्टरांनी सुई टोचली, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी मी कामावर.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. दर वेळी ताप उतरायचा आणि पायावर थोडी सूज ठेवून जायचा. सुरुवातीला रात्रभर झोपलं की सकाळी पाय मोकळा व्हायचा. पुढे सूज निम्मीच उतरू लागली. चौथ्या-पाचव्या वर्षी बोटानं दाबलं तरी खड्डा पडेना, कातडी जाड आणि काळपट झाली, घोट्यावर एक वळी पडली. त्या वळीत आईनं बांधलेला काळा दोरा रुतून बसला होता. तो काढताना कात्रीचं टोक आत घालावं लागलं आणि खालून पाणी आलं. वास आला. तो वास मी विसरलेले नाही.

या काळात काय काय केलं ते सगळं सांगत बसत नाही. गरम विटेचा शेक दिला, त्यानं फोड आले. एका वैद्यबुवांनी 'श्लीपद' असं नाव सांगितलं, शिळेसारखा पाय तो श्लीपद. मला तो शब्द आवडला, जोडाक्षर सुंदर आहे. औषधानं मात्र फक्त जुलाब झाले. कोणी म्हणालं जळवा लावा. स्थळं आली. एका बाईंनी चहाची बशी खाली ठेवता ठेवता माझ्या पातळाच्या काठाखाली बघितलं आणि ती बशी तशीच हातात धरून राहिल्या. त्यानंतर आईनं स्थळं बघणं बंद केलं, मीही विचारलं नाही.

हत्तीपाय हा शब्द घरात कोणी उच्चारत नव्हतं. "तिचा पाय" एवढंच. मामाचंही तसंच होतं. भंडाऱ्याकडचा माझा मामा जन्मभर ढगळ धोतर नेसला, सायकलवर कधी बसला नाही, आणि का, ते सगळ्यांना माहीत असून कोणी बोलायचं नाही. त्याची अंडवृद्धी. साठीला आल्यावर कोणीतरी जबरदस्तीनं नेऊन ऑपरेशन केलं आणि महिन्याभरात मामा पायजमा घालून मोटारसायकलच्या मागे बसून आमच्याकडे आला. त्याचं दुखणंही हत्तीरोगाचंच होतं, हे मला कितीतरी उशिरा कळलं. पायाला मात्र असं एका दिवसात कापून टाकता येत नाही.

२०१७ च्या डिसेंबरात एका रात्री साडेनऊला दार वाजलं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले दोघं, हातात टॉर्च आणि काचपट्ट्यांचा डबा. हत्तीरोगासाठी रक्त घेतो म्हणाले. आई भडकली: "हे काय टाइम हाय रक्त घ्यायचा? दिवसा काय झोपता काय?"

त्यातला वयस्कर माणूस रोज हेच ऐकत असावा. त्यानं उंबऱ्यावर बसूनच सांगितलं, "मावशी, दिवसा येऊन उपयोग नाही. हे जंतू दिवसभर फुप्फुसाच्या नसांमध्ये दडून राहतात. रात्री डास चावायच्या वेळेला बाहेरच्या रक्तात येतात. त्यांना डासाच्या पोटात जायचं असते ना. म्हणून आम्हीही डासाच्याच टायमाला फिरतो."

आईचं, माझं आणि धाकट्या भावाचं बोट टोचलं. मी न विचारता पाय पुढे केला होता. त्यानं टॉर्च मारून बघितला, "बरेच दिवसांचा आहे," एवढंच म्हणाला. भावाला तर बळजबरीनं बसवलं. तो तेव्हा अठ्ठावीसचा, रोज सकाळी तालमीत जाणारा, अंगावर एक पुटकुळी नाही.

पंधरा दिवसांनी तोच माणूस परत आला. माझ्या रक्तात काही नाही. आईच्या नाही. भावाच्या काचपट्टीवर जंतू सापडले.

आई म्हणाली, "पाय हिचा अन् जंत त्याच्यात? पट्ट्या अदलाबदल केल्या तुम्ही." तिनं इतका वाद घातला की त्यानं त्या रात्री परत येऊन दोघांचं रक्त पुन्हा घेतलं. उत्तर तेच आलं.

मला त्या माणसाचे उपकार आहेत असं वाटतं, कारण दुसऱ्या खेपेला तो चहा पीत अर्धा तास बसला आणि अकरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं ते त्यानं सांगितलं. माझ्या भाषेत लिहिते. रक्तातून जे पाणी शरीरात पाझरतं ते परत गोळा करून नेणाऱ्या बारीक नळ्यांचं एक जाळं असतं, लसीकावाहिन्या. हत्तीरोगाचे मोठे जंत या नळ्यांत राहतात. मादी पांढऱ्या शिवणदोऱ्यासारखी, आठ-दहा सेंटिमीटर लांब. नर तिच्या निम्म्याहून लहान. पाच-सहा वर्षं जगतात आणि तेवढा काळ मादी लाखोंनी पिल्लं सोडते. ती पिल्लं रात्री रक्तात फिरतात, डासाबरोबर बाहेर पडतात, त्याच्या अंगात दहा-पंधरा दिवसांत तयार होतात आणि तो पुढच्या माणसाला चावला की त्या छिद्रातून आत शिरतात. एका चावण्यानं होत नाही, वर्षानुवर्षं चावून घ्यावं लागतं. आमचं घर नाग नदीला लागून असलेल्या बोळात. क्युलेक्स जातीचा हा डास घाण पाण्यातच वाढतो, तेव्हा चावून घेण्यात आम्ही कमी पडलो नव्हतो.

मोठे जंत आत असेपर्यंत नळ्या फुगतात, ढिल्या पडतात. माणसाला मात्र काही कळत नाही. माझा भाऊ त्या पायरीवर होता. माझ्यातले जंत बहुधा कधीच मरून गेले होते. नळ्या बिघडवून गेले, रक्त साफ. घर पडून गेल्यावर भाडेकरू शोधत होते मी.

भावाला बारा दिवसांच्या डीईसीच्या गोळ्या दिल्या. पहिल्याच रात्री त्याला ताप भरला, डोकं ठणकलं, आणि आईनं गोळ्या खिडकीतून फेकायच्या बेतात आणल्या. "धडधाकट पोराले आजारी करून राहिले." आरोग्यसेवकाला फोन केला तर तो खूश. म्हणाला, "जंतू मरतात त्याचा ताप आहे. जंतू नसता तर ताप नसता आला. पॅरासिटामॉल द्या आणि उद्याची गोळी चुकवू नका." तिसऱ्या दिवशी भाऊ तालमीत.

चहा पिऊन जाताना त्या आरोग्यसेवकानं मला एक चिठ्ठी लिहून दिली होती, मोठ्या दवाखान्यात सूज असलेल्या पेशंटांना शिकवतात म्हणून. मी ती दोन महिने पर्सच्या कप्प्यात ठेवली. रक्तात काही नाही म्हटल्यावर शिकायचं काय? फेब्रुवारीत पुन्हा ताप आला, लग्नसराईतले चार दिवस बुडाले, मालकांचा चेहरा उतरला, तेव्हा गेले.

तिथे एका खोलीत स्टूल, निळा टब, मग, साबण आणि टॉवेल. मला वाटलं फरशी पुसायचं सामान आहे. एक वयस्क सिस्टर आली, खाली पाटावर बसली आणि तिनं माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. मी झटका देऊन मागे ओढला. घरच्या माणसांनीही त्या पायाला बोट लावून वर्षं झाली होती. "अहो, पडाल," म्हणाली आणि परत धरला. मग तिनं करंगळी आणि शेजारचं बोट अंगठ्यांनी हळूच फाकवलं.

आत कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी झाली होती. मधोमध एक बारीक चीर. दुखत नव्हतं, म्हणून मला तिचा पत्ताच नव्हता. मुळात त्या दोन बोटांच्या मध्ये मी कधी बघितलंच नव्हतं. ती सुजून एकमेकांना चिकटली होती.

"हे दार आहे," सिस्टर म्हणाली. "तुमचा ताप इथून आत येतो."

मी म्हटलं, ताप जंतांचा ना?

"जंत गेले. हे साधे जिवाणू. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतात. चांगल्या पायात शिरले तर शरीर त्यांना वाहून नेतं, मारून टाकतं. तुमच्या पायातलं पाणी तुंबलेलं आहे, तिथं ते माजतात. प्रत्येक तापाला आणखी चार नळ्या जळतात, सूज आणखी चढते. सूज चढली की बोटं आणखी चिकटतात, पुन्हा चीर पडते."

खुर्चीवर बसून मी मनात हिशोब करत होते. वर्षाला पाच-सहा ताप, अकरा वर्षं. सुया घेतल्या, गोळ्या घेतल्या, वीट घेतली. बोटांच्या बेचक्यात बघ असं एकानंही म्हटलं नाही. रडू आलं नाही, राग आला, आणि तो कोणावर काढायचा तेही कळेना.

पाय धुणं चाळीस मिनिटं चाललं. पाणी साधं, गरम नाही. आधी तीच धुते, मग माझ्याकडून करून घेते. साबणाचा फेस हातावर करायचा आणि हातानंच गुडघ्यापासून खाली लावत यायचं. वळीच्या आत, टाचेमागे, शेवटी बोटांच्या फटीत गॉजची पट्टी हळू फिरवायची. घासायचं नाही. मगानं पाणी सोडत राहायचं, टबातलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग टिपायचं. या टिपण्यावर तिचा सगळा जोर. "धुणं सगळे करतात, कोरडं कोणी करत नाही. ओल राहिली तर धुतलं नसतं तर बरं." बोटांच्या चार फटी धरून त्या दिवशी कोरडं करायलाच दहा मिनिटं लागली. शेवटी फटींत बुरशीचं मलम, अगदी पातळ.

घरी आल्यावर मी उत्साहाच्या भरात दोन चुका केल्या. पाणी कढत घेतलं, आणि मोरीतली वज्री घेऊन ती जाड काळी कातडी घासून काढायला बसले. इतकी वर्षं न बघितलेला पाय एका आठवड्यात उजळ करायचा होता. नवव्या दिवशी ताप. सिस्टरनं वज्रीचं नाव ऐकून कपाळाला हात लावला. "पितळी भांडं आहे का ते?"

तेव्हापासून वज्री नाही. आईची जुनी सुती पातळं फाडून बोटभर रुंद चिंध्या केल्या आहेत, त्या उकळून वाळवून एका डब्यात ठेवते. रात्री साडेनऊ ही पाय धुण्याची वेळ, ते रक्त घ्यायला आले होते तीच, असं ठरवून नव्हे, त्या वेळेला मोरी मोकळी असते म्हणून. आता वीस मिनिटांत होतं. खाटेच्या पायथ्याकडच्या दोन्ही खुरांखाली विटा लावल्या, पाय छातीपेक्षा वर राहावा म्हणून. पहिल्या रात्री उशीसकट मी खाली घसरत गेले. आता सपाट खाटेवर झोप लागत नाही.

कामावरचं अवघड होतं. पाय लोंबकळत ठेवायचा नाही, काहीतरी खाली घ्या, असं सांगितलेलं. छापखान्यात काय, कागद. मी मॅपलिथोची दोन रिमं टेबलाखाली सरकवली आणि त्यावर पाय ठेवला. मालकांनी बघितलं. ओरडले नाहीत, पण चष्मा काढून हातात घेतला. "बाई, कागदाला पाय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग कोपऱ्यात पडलेली खिळ्यांची जुनी लाकडी पेटी घेतली, तर त्यांना तीही चालेना, दसऱ्याला तिची पूजा होते. शेवटी मला पाय का वर ठेवावा लागतो ते सांगावं लागलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना टेबलाच्या या बाजूला बोलावून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुधाच्या पिशव्यांचा एक प्लॅस्टिकचा क्रेट आला, वर जुनी सतरंजी घडी करून. दर तासाला घोटा गोल फिरवते, टाचा उचलते. पत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाईक वाचतं तेवढ्यात होतं.

आमच्याच छापखान्यात छापलेल्या दिनदर्शिकेवर मी तापाच्या दिवशी लाल टिंब देते. २०१७ मध्ये सहा टिंबं होती. २०१८ मध्ये तीन, त्यातलं एक वज्रीचं. २०१९ मध्ये एक. टाळेबंदीच्या वर्षी एकही नाही. तेव्हा घोटा ३४ वरून ३२ वर आला. २०२३ च्या पावसाळ्यात पुन्हा दोन, कारण भावाच्या लग्नाच्या गडबडीत दहा-बारा दिवस नुसतं पाणी ओतून उठले होते. ताप आलाच तर आता विटेचा शेक नाही. थंड पाण्याची पट्टी, पाय उंच, आणि त्याच दिवशी दवाखाना, अँटिबायोटिक पुरं संपवून. पाय डाव्यासारखा होणार नाही. सिस्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि ते बरं केलं.

धडधाकट माणसांनाही वाटतात त्या गोळ्यांबद्दल थोडं. नागपुरात २०१९ च्या सुरुवातीला डीईसी आणि अल्बेंडाझोलबरोबर तिसरं औषध आलं, आयव्हरमेक्टिन. आशाताई उंची मोजायची काठी घेऊन बोळात आल्या. आयव्हरमेक्टिन उंचीवर असतं, डीईसी वयावर. माझ्या वाट्याला तीन, तीन आणि एक, अशा सात गोळ्या आल्या. उपाशीपोटी नाही, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांनी. शेजारची एकजण गोळ्या गालात धरून "घेतल्या" म्हणाली आणि मोरीकडे निघाली. मी ओट्यावर बसले होते. पातळ गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि म्हटलं, "इकडं ये. हे बघून घे, मग थुक." असं मी करीन हे मलाच माहीत नव्हतं. तिनं तिथल्या तिथं पाणी मागितलं. आशाताई हसून म्हणाल्या, उद्यापासून तुम्हीच चला आमच्यासोबत. गेले नाही. लग्नसराई होती.

याच रोगाचं एक जनजागृतीचं पत्रक मात्र आमच्याकडे छपाईला येतं. देशात हत्तीरोगाविरुद्धचा कार्यक्रम १९५५ पासून आहे. पत्रकातलं निर्मूलनाचं साल मी पहिल्यांदा जुळवलं तेव्हा २०१५ होतं. पुढे त्याच फाइलमध्ये मी २०२१ केलं, आणि आता २०२७. बाकी मजकूर तोच: डास टाळा, गोळ्या खा. वर मोठा हत्ती, सोंड वर केलेला. मागच्या खेपेला पत्रक आणणाऱ्या साहेबांना मी म्हटलं, हत्ती काढा आणि तिथे पाय कसा धुवायचा ते टाका. ते म्हणाले, मजकूर मंजूर झालेला आहे, हत्ती लोकांच्या लक्षात राहतो. मग मी हत्ती थोडा लहान केला. खाली दोन ओळींची जागा झाली, तिथे 'पायाला सूज असल्यास रोज धुऊन बोटांच्या फटी कोरड्या करा' हे ठळक बसवून त्यांना दाखवलं. त्यांनी वाचून सही केली. हत्ती लहान झालेला त्यांच्या लक्षात आला की नाही, कोण जाणे.

चपलांचं राहिलं. अनवाणी चालायचं नाही, तोंडाशी उघडी, सैल-घट्ट करता येणारा पट्टा असलेली चप्पल घालायची. माझ्या उजव्याला आठ नंबर लागतो, डाव्याला सहा. दुकानदार जोड फोडत नाही. मी दोन जोड घ्यायची, आणि उरलेला आठ नंबरचा डावा आणि सहा नंबरचा उजवा माळ्यावर टाकायची. असे चार जोड साठले होते. तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर शेजारी कामठीची एक बाई बसली होती. तिचा डावा पाय माझ्या उजव्याची आरशातली आकृती. मी तिचा उजवा पाय बघितला, मग माझ्याकडे बघून ती पण खाली बघायला लागली.

"कितीचा लागते तुमाले?" तिनं विचारलं.

पुढच्या तपासणीला मी माळ्यावरचे चारही जोड पिशवीत घालून नेले. डावा तिला चपखल बसला, उजवा किंचित सैल होतो, पट्टा एक भोक आत घेते. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीच्या आधी आम्ही सीताबर्डीवर भेटून दोन जोड घेतो, एक सहाचा आणि एक आठचा, आणि दुकानाच्या पायरीवर बसून वाटून घेतो. दोन्ही एकाच रंगाचे घ्यावे लागतात, एवढीच पंचाईत. मागच्या वर्षी मला तपकिरी हवा होता आणि तिला मोतिया. पाऊण तास भांडलो. शेवटी काळा घेतला.